४८ केबीपीएसमध्ये झांज, तबला आणि ‘श’ शाबूत ठेवण्यासाठी: एसबीआर वापरण्याची सविस्तर पद्धत

एका तासाचे कीर्तन १२८ केबीपीएसला (सेकंदाला १२८ किलोबिट) ५७.६ एमबी जागा घेते, ४८ केबीपीएसला २१.६ एमबी. डोंबिवलीहून दादरपर्यंत लोकलमध्ये उभ्याने ऐकणाऱ्याचे नेटवर्क मध्ये दोन-तीनदा तरी डळमळते. अशा वेळी १२८ चा प्रवाह अडखळतो, ४८ चा बहुधा निभावतो. पण साध्या एएसीने (ध्वनी दाबून लहान करण्याची नेहमीची पद्धत) ४८ वर स्टीरिओ संगीत दाबले की एकतर झांजेचा झणत्कार जातो, नाहीतर सगळा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. यावरचा तोडगा म्हणजे स्पेक्ट्रल बँड रेप्लिकेशन, म्हणजेच एसबीआर. एएसीला एसबीआर जोडले की एचई-एएसी तयार होते.

गिरगाव-दादरच्या छोट्या स्टुडिओत काम करणाऱ्यांसाठी, वेबरेडिओ किंवा कीर्तन-नाटकांचे ध्वनिसंग्रह चालवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. एसबीआरमध्ये वरच्या वारंवारता पाठवल्याच जात नाहीत. ऐकणाऱ्याचा डिकोडर त्या खालच्या पट्टीतून नव्याने घडवतो. म्हणून वरचा आवाज बिघडला की खालचा भाग आधी तपासायचा.

डिकोडर वरचा भाग कुठून आणतो

४४.१ किलोहर्ट्झचा स्टीरिओ ध्वनी एन्कोडरकडे गेला की आतला मूळ एएसी कोडेक, म्हणजे गाभा, अर्ध्या सॅम्पल रेटवर, म्हणजे २२.०५ किलोहर्ट्झवर चालतो. त्यामुळे त्याच्याकडे फार तर ११.०२५ किलोहर्ट्झपर्यंतचाच भाग असू शकतो. प्रत्यक्षात तो त्याच्याही खाली थांबतो. जिथे थांबतो ती क्रॉसओव्हर वारंवारता. ती बिटरेटप्रमाणे एन्कोडर ठरवतो. बिटरेट कमी केला की क्रॉसओव्हर खाली सरकतो.

क्रॉसओव्हरच्या वरच्या भागासाठी एन्कोडर मूळ आवाजाचे ६४ पट्ट्यांत विभाजन करतो. ४४.१ च्या ध्वनीत प्रत्येक पट्टी सुमारे ३४४.५ हर्ट्झ रुंद असते. या पट्ट्यांवरून तो मोजक्या सूचना लिहितो: कुठल्या वेळी कुठल्या पट्टीत किती ऊर्जा होती (१.५ किंवा ३ डेसिबलच्या पायऱ्यांत), त्यात सुराचा भाग किती आणि खरखरीचा किती, आणि खालच्या भागात जोडीदार नसलेला एखादा एकटा सूर वर होता का. या सगळ्या सूचना काही केबीपीएसमध्येच मावतात. उरलेले सगळे बिट खालच्या भागाला मिळतात, आणि एसबीआरची खरी कमाई ती आहे.

डिकोडर खालच्या पट्ट्या उचलून वर चिकटवतो. खालचा भाग वरच्यापेक्षा बहुधा जास्त सुरेल असतो, म्हणून गरजेप्रमाणे इन्व्हर्स फिल्टरिंग लावून त्यातला सुरेलपणा कमी करतो. मग पाठवलेल्या मापांप्रमाणे प्रत्येक पट्टीची पातळी बसवतो, ठरलेल्या प्रमाणात खरखर मिसळतो आणि हरवलेले सूर साइन लहरींनी भरतो. कानाला वरच्या भागातली प्रत्येक लहर जशीच्या तशी लागत नाही. ऊर्जेचा आकार आणि वेळ बरोबर असली की तो समाधानी असतो. ही सूट नसती तर ही युक्ती एक मिनिटही टिकली नसती.

ही पद्धत लार्स लिल्येरिड आणि कोडिंग टेक्नॉलॉजीज या कंपनीने घडवली. २००१ मध्ये ती एमपी३प्रो मधून बाजारात आली, २००३ मध्ये एमपीईजी-४ मानकात शिरली, आणि २००७ मध्ये डॉल्बीने ती कंपनी घेतली.

सूर जुळत नाहीत ते नेमके कुठे

पांढरी सहाच्या पट्टीतला मध्य षड्ज २२० हर्ट्झचा धरू. त्याची हार्मोनिक, म्हणजे त्याच सुरात मिसळलेले वरचे सूर, २२० च्या पटीत येणार: ३७ वे ८१४० हर्ट्झवर, ३८ वे ८३६० वर. समजा क्रॉसओव्हर २४ व्या पट्टीच्या शेवटी, म्हणजे सुमारे ८२६९ हर्ट्झवर आहे आणि चिकटवताना सगळे २० पट्ट्या, म्हणजे ६८९०.६ हर्ट्झ वर सरकले. आता १५४० हर्ट्झचे ७ वे हार्मोनिक ८४३०.६ वर जाऊन बसते. खरे तर तिथे जवळचे हार्मोनिक ८३६० वर हवे होते. म्हणजे ७०.६ हर्ट्झचा फरक पडला. पुढच्या हार्मोनिकांमधले अंतर २२०च राहते, पण सांध्यावर, म्हणजे क्रॉसओव्हरवर, ८१४० नंतर थेट ८४३०.६ येते, म्हणजे २९०.६ ची उडी पडते.

८ किलोहर्ट्झच्या वर कान एकेक हार्मोनिक वेगळे ओळखत नाही, त्यामुळे हा फरक बहुतेकांना लागत नाही. हाच सांधा ४-५ किलोहर्ट्झवर आला की तंबोऱ्याची जवारी खरबरीत होते, आणि सुरावर कान तयार असलेल्याला ती लगेच टोचते. शास्त्रीय गायनासाठी बिटरेट ठरवताना ‘एमबी किती वाचले’ याच्या आधी ‘सांधा कुठे पडला’ हे पाहा.

वेळेचेही एक गणित आहे. कोडेक अर्ध्या रेटवर चालतो, म्हणून त्याची १०२४ नमुन्यांची फ्रेम ४६.४ मिलिसेकंदांची होते. आघात आला की तो छोट्या १२८ नमुन्यांच्या खिडक्यांवर जातो, पण त्याही ५.८ मिलिसेकंदांच्या, म्हणजे साध्या एएसीच्या दुप्पट. एसबीआरच्या सूचनांची बारीक पायरी २.९ मिलिसेकंदांची असते, पण एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त ५ एन्व्हलप, म्हणजे ऊर्जेच्या मापांचे संच, मावतात. किनारीवरचा एकटा ‘ना’ एन्कोडर नीट पकडतो. ‘कायदा’ या तबल्यातल्या रचनेच्या चौपटीत बोलांचा पाऊस पडला, किंवा ताशा सुरू झाला, की एन्व्हलप अपुरे पडू लागतात आणि एका बोलाची धार शेजारच्या बोलावर सांडते.

आधी मूळ ध्वनी पाहा

पहिले काम एन्कोडरचे नाही, स्पेक्ट्रोग्रामचे. ऑडॅसिटीत फाइल उघडा, ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम निवडा आणि वरची मर्यादा २२ किलोहर्ट्झ ठेवा. आवाज खरोखर कुठपर्यंत आहे ते दिसेल.

मध्यम लहरींवरून टेप केलेले जुने भाषण ५ किलोहर्ट्झच्या आसपास संपलेले असेल तर एसबीआरला घडवायला वर काहीच नाही. अशा ध्वनीला २२.०५ किलोहर्ट्झवर एलसी, म्हणजे एसबीआर नसलेले साधे एएसी, मोनो, द्या. ते जास्त स्वच्छ निघेल. १६ किलोहर्ट्झला कापल्यासारखी सपाट रेघ दिसली तर फाइल आधी एमपी३ होती असे समजा आणि मूळ प्रत शोधा. एचई-एएसी फाइल पुन्हा एचई-एएसी करणे पूर्ण टाळा. दुसरा एन्कोडर पहिल्याने घडवलेला वरचा भाग खरा समजून त्याची मापे घेतो, आणि चूक चुकीवर चढते.

कीर्तनांच्या कॅसेटमधला हिस हा वेगळा विषय आहे. एसबीआर हिस खरखरीच्या पातळीत मोजते आणि ऐकणाऱ्याकडे आपला हिस बनवते. शांत जागी तो मूळ हिसपेक्षा दाणेदार लागतो. म्हणून आधी हिस ३ ते ६ डेसिबलने कमी करा, त्यापेक्षा जास्त नाही. जोरात काढलेल्या हिसमागे किलबिल राहते, आणि एसबीआर ती किलबिल वर कॉपी करते.

६० ते ८० हर्ट्झच्या खाली हाय-पास लावा. मुंबईच्या खोलीत पंखा, एसी आणि रस्त्याची घरघर असतेच. तिच्यावर बिट खर्च करायचे कारण नाही. (तबल्याचा बायाँ एकटा असेल तर ४० हर्ट्झवर थांबा.) बोलणाऱ्याचा ‘स’ तीक्ष्ण असेल तर डी-एसर लावून ६ ते ९ किलोहर्ट्झच्या भागात ३-४ डेसिबल दाबा. ट्रू पीक −२ डेसिबलवर बांधा, कारण कमी बिटरेटवर डिकोड झालेल्या लहरींची शिखरे मूळच्या वर जातात. एरवी −१ चालते, इथे थोडी जास्त जागा ठेवलेली बरी. लाउडनेस −१६ लफ्सच्या आसपास ठेवा. वरून लो-पास मात्र लावू नका, ते एन्कोडरवर सोडा.

बिटरेट आणि प्रोफाइल

फक्त बोलणे असेल तर मोनो, एचई-एएसी, २४ किंवा ३२ केबीपीएस. २४ ला तासाचे १०.८ एमबी होतात आणि ‘श’, ‘छ’ व्यवस्थित कळतात. गप्पांचा कार्यक्रम असून मध्येमध्ये स्टीरिओ संगीत असेल तर एचई-एएसी व्ही२, ३२ केबीपीएस. व्ही२ मध्ये मूळ आवाज मोनो जातो आणि डावे-उजवे आकड्यांवरून पुन्हा उभे केले जाते. त्यामुळे मोनो मूळ ध्वनीवर व्ही२ लावायला जागाच नाही.

भावगीत, नाट्यसंगीत, वाद्यमेळ: एचई-एएसी, स्टीरिओ, ४८ केबीपीएसच्या खाली नको. तंबोऱ्यासह शास्त्रीय गायनासाठी ६४. ८० च्या पुढे जायची तयारी असेल तर एसबीआर सोडून द्या. ९६ आणि त्यावर साधे एलसी एएसी वरचा खरा आवाज पाठवू शकते, आणि खरा आवाज मिळत असताना घडवलेला घेण्यात शहाणपण नाही. ‘एचई म्हणजे हाय एफिशियन्सी, म्हणजे नेहमीच चांगले’ असे मानून १२८ ला एचई लावलेल्या फाइली सर्रास आढळतात. त्यात फायदा शून्य आणि सांध्याचा दोष मात्र कायमचा.

एन्कोडिंग

एफएफएमपेगचा स्वतःचा एएसी एन्कोडर एचई प्रोफाइल करत नाही. फ्राउनहोफरची एफडीके-एएसी लायब्ररी जोडलेली आवृत्ती लागते. परवान्याच्या अटी जुळत नसल्याने तयार मिळणाऱ्या आवृत्त्यांत ती सहसा नसते. स्वतः कंपाइल करावी लागते. तो खटाटोप नको असेल तर एफडीके-एएसीचे वेगळे कमांड-लाइन साधन घ्या. त्यात प्रोफाइल क्रमांक २ म्हणजे एलसी, ५ म्हणजे एचई-एएसी आणि २९ म्हणजे व्ही२. मॅकवर एएफकन्व्हर्ट आधीपासून असते आणि त्यात एचई एन्कोडर मिळतो.

सेटिंग थोडी, पण प्रत्येकीला कारण आहे. इनपुट १६ किंवा २४ बिटची वेव्ह किंवा फ्लॅक, सॅम्पल रेट ४४.१ किंवा ४८. मूळ फाइलचा जो असेल तोच ठेवा. बिटरेट सीबीआर, म्हणजे कायम एकसारखा. आफ्टरबर्नर चालू, कारण तो बिटवाटप आणखी बारकाईने करतो आणि वेळेचा खर्च आजच्या संगणकाला जाणवत नाही. कटऑफचा पर्याय रिकामा सोडा. तिथे हाताने आकडा घातला तर एन्कोडरने या बिटरेटसाठी जुळवलेले गणित मोडते.

सिग्नलिंगचा पर्याय दिसला तर थांबून विचार करा. एमपी४ किंवा एम४ए फाइलमध्ये ‘इथे एसबीआर आहे’ असे उघड लिहिता येते. एडीटीएस प्रवाहात, म्हणजे आइसकास्टसारख्या सर्व्हरवरून जाणाऱ्या एएसीत, हेडरमध्ये प्रोफाइलला दोनच बिट असल्याने तसे लिहिता येत नाही. हेडर ‘एलसी, २२.०५’ एवढेच सांगतो आणि डिकोडरला आत डोकावून एसबीआर ओळखावी लागते. एम४ए साठी आमची पसंती उघड पण मागे-सुसंगत पद्धतीला आहे: जुन्या प्लेअरला निदान खालचा भाग तरी वाजवता येतो.

तपासणी

तयार फाइल वेव्हमध्ये डिकोड करा आणि तिचा स्पेक्ट्रोग्राम मूळच्या शेजारी ठेवा. सांधा आडव्या रेघेसारखा दिसतो. त्याच्या वर खालचेच विणकाम पुन्हा आलेले असते. सांधा किती किलोहर्ट्झवर आहे ते लिहून ठेवा. तंबोऱ्याच्या फाइलमध्ये तो ६ च्या खाली असेल तर बिटरेट वाढवा.

स्पेक्ट्रोग्राम वरपर्यंत भरलेला दिसला म्हणजे दर्जा चांगला, असे मुळीच नाही. वरचा भाग भरणे हेच एसबीआरचे काम असल्याने तो भरलेला दिसणारच. मूळ वजा नवे करून उरलेले ऐकण्याची चाचणीही इथे निरुपयोगी आहे. वरच्या लहरी मुळात वेगळ्या असतात, त्यामुळे उत्तम फाइलमध्येही ‘उरलेले’ मोठे येते.

उपयोगी पडते ती वेगळी युक्ती. सॉक्समध्ये सिंक फिल्टरने सांध्याच्या खालचा सगळा भाग कापा आणि फक्त वरचा भाग ऐका, मूळचा आणि नव्याचा. ‘श’चा फुस्कारा फुस्काराच आहे की त्यात धातूचा नाद मिसळला आहे, आघाताच्या आधी झुळूक येते का, घुंगरांचे दाणे सुटे आहेत का, हे इथे लख्ख कळते. या ऐकण्यावरून निकाल मात्र देऊ नका. खालचा आवाज सोबत असताना यातले बरेचसे दोष झाकले जातात.

निकालासाठी १० ते २० सेकंदांचे तुकडे निवडा: एकटा तंबोरा, तबल्यातला जलद रेला, झांज किंवा घुंगरू, ‘शिशिर’, ‘स्वच्छ’, ‘सशस्त्र’ असे शब्द असलेले स्त्रीचे बोलणे, आणि नाट्यगृहातल्या टाळ्या. टाळ्या विसरू नका. शेकडो आघात एकत्र आणि सगळीकडून आलेले, त्यामुळे व्ही२ सर्वात आधी तिथेच कोसळते. मग फूबार२००० मध्ये एबीएक्स लावून डोळे झाकून तुलना करा. १६ पैकी १२ किंवा जास्त वेळा बरोबर ओळखले तर फरक खरा धरा. नुसत्या अंदाजाने इतके जमण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. बंद कपांचा हेडफोन घ्या आणि शक्यतो रात्री उशिरा बसा. मुंबईत दिवसा खिडकीबाहेरची वर्दळच घुंगरांचे दाणे गिळते.

बिघाड आणि त्याचे मूळ

आवाज मंद, गोधडीखालून आल्यासारखा लागला तर प्लेअर एसबीआर वाचतच नाही, फक्त २२.०५ चा गाभा वाजवतो आहे. दुसऱ्या प्लेअरवर तीच फाइल खणखणीत वाजली की खात्री झाली. आवाज अर्ध्या वेगाने चालला तर यंत्राने २२.०५ चा रेट धरला आणि डिकोडरने ४४.१ चे नमुने दिले. सिग्नलिंग बदलून पुन्हा करा.

‘स’ मध्ये शिट्टी किंवा पत्र्यासारखा नाद येत असेल तर खालचे सुरेल हार्मोनिक खरखरीच्या जागी कॉपी झाले आणि इन्व्हर्स फिल्टरिंग कमी पडले. गाणारा आवाज आणि ‘स’ एकाच फ्रेममध्ये आले की असे होते. बिटरेट एक पायरी वाढवा. बोलण्यासाठी स्टीरिओ सोडून मोनो करा, त्याच बिटरेटमध्ये सांधा वर जातो.

तबल्याची धार बोथट झाली तर आधी मूळ फाइलमधला कॉम्प्रेसर तपासा. ठोका आधीच दाबलेला असेल तर एन्कोडरला तो आघात म्हणून ओळखता येत नाही आणि तो फ्रेमचे तुकडे पाडत नाही. तिथे अडचण नसेल तर ४८ चे ६४ करा. त्यानेही भागले नाही तर जलद तबलावादन हा एसबीआरचा प्रांत नाही हे मान्य करून ९६ च्या एलसीवर जा.

मधल्या भागातच, ३-४ किलोहर्ट्झवर, किलबिल ऐकू येत असेल तर दोष एसबीआरचा नसून उपाशी गाभ्याचा आहे. हाय-पास, मोनो किंवा जास्त बिट, यातला एक उपाय लागतो.

थेट प्रवाहात

नेटवर्क तुटून पुन्हा जोडले की पहिला क्षणभर आवाज मंद आणि मग अचानक उजळ होतो, अशी तक्रार येते. एसबीआरचे हेडर प्रत्येक फ्रेममध्ये नसते. ते हाती येईपर्यंत डिकोडर खालचा भाग नुसता दुप्पट रेटवर चढवून देतो. हे मानकानुसारच आहे. सर्व्हरवर काही शोधत बसू नका.

एचएलएस (प्रवाहाचे छोटे तुकडे करून पाठवण्याची पद्धत) देत असाल तर प्लेलिस्टमधली कोडेकची नोंद अचूक हवी: एलसीला ‘एमपी४ए.४०.२’, एचईला ‘.५’, व्ही२ ला ‘.२९’. नेटवर्कप्रमाणे बदलणाऱ्या बिटरेटच्या एकाच शिडीत ३२ ची व्ही२, ४८ ची एचई आणि १२८ ची एलसी ठेवली तर पायरी बदलताना टक् आवाज येऊ शकतो, कारण प्रत्येकीचा डिकोडर-विलंब वेगळा असतो. सगळ्या पायऱ्यांचा बाहेरचा सॅम्पल रेट एकच ठेवा आणि खऱ्या फोनवर, चालत्या लोकलमध्ये, बदल ऐकून पाहा. सोबत चित्र असेल तर ओठ आणि आवाज पुन्हा जुळवा. एचईचा विलंब एलसीपेक्षा जास्त असतो.

एसबीआरच्या पुढची पायरी म्हणजे २०१२ मध्ये मानक झालेल्या यूएसएसीवर आधारलेली एक्सएचई-एएसी. तिच्यात नुसत्या सरकवण्याऐवजी हार्मोनिकांच्या पटीत वर नेण्याची सोय आहे, म्हणजे वर पाहिलेला ७०.६ हर्ट्झचा प्रश्न मुळातच हाताळला आहे. बोलण्यासाठी वेगळी कोडिंग पद्धतही आहे. डीआरएम या डिजिटल रेडिओ पद्धतीने ती स्वीकारली आहे, आणि अँड्रॉइड ९ व आयओएस १३ पासूनचे फोन ती वाजवतात. एन्कोडर मात्र एफडीके-एएसीइतक्या सहज हाती लागत नाहीत. म्हणून सध्या एचई-एएसीवर प्रवाह चालवा आणि मूळ ध्वनी फ्लॅकमध्ये जपा. एन्कोडर बदलाल तेव्हा सुरुवात त्या फ्लॅकपासूनच करावी लागेल.